सोवळ्यातल्या अळ्या

"काका, मी तुमच्या पेटीत घाण केली बहुतेक," मॅडम दारातूनच म्हणाल्या. "सॉरी."

मी अळ्यांना खायला द्यायच्या मोहरीच्या कोवळ्या रोपांचे पेले ट्रेमध्ये मांडत होतो. सकाळचे साडेनऊ वाजले होते. माझ्या खोलीत बाहेरचा कोट घालून यायला बंदी आहे आणि मॅडम नियम पाळणाऱ्या, म्हणून उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. आमच्या संशोधन केंद्रात येऊन त्यांना दीडच वर्ष झालं होतं आणि नोकरी अजून पक्की व्हायची होती.

"कसली घाण?"

"तिसऱ्यांदा तपासलं. तुमच्या शुद्ध अळ्यांच्या जनुकातही तोच बदल दिसतोय. शेतातल्या अळ्यांत दिसतो ना, अगदी तोच. हे शक्यच नाही. म्हणजे माझ्याच हातून नळ्यांची अदलाबदल झाली असणार. नाहीतर मी कधीतरी त्या खोलीतून थेट इथे आले असेन. साहेब मला म्हणाले, तुमचा हात साफ नाही."

डोळ्यांखाली काळं आलं होतं त्यांच्या. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी. चहा घेतलात का?"

मॅडम हसल्या, नको म्हणाल्या आणि गेल्या. ज्याने चोरी केली त्याचीच कुणीतरी हात जोडून माफी मागावी, तसं झालं होतं. पण मी तोंड उघडलं नाही. ती सवय मला बारा वर्षांची होती.

आता हे नीट सांगायला हवं.

मी अळ्या पाळतो. लोक कोंबड्या पाळतात, मासे पाळतात. मी बत्तीस वर्षं पगार घेऊन कोबीवरची अळी पाळली. नखाएवढी हिरवी अळी, पुढे तिचा करडा पतंग होतो. पतंगांना मधाच्या पाण्यात भिजवलेला कापूस द्यायचा. चांदीचा कागद कोबीच्या रसात बुडवून पेटीत टांगला की ते त्यावर अंडी घालतात. अंड्यांतून अळ्या, अळ्यांचे कोष, कोषांतून पतंग, की पुन्हा पहिल्यापासून. वर्षाला सतरा-अठरा पिढ्या होतात. मुलीच्या शाळेचं वर्ष कोणतं हे मी विसरायचो, पण अळ्यांची पिढी कितवी ते झोपेतही सांगितलं असतं. आमची ही म्हणायची, "तुमच्या अंगाला कोबीचा वास येतो, माणसाचा नाही."

खोल्या दोन. एका खोलीत शेतांतून आणलेल्या अळ्या. दुसरीत ज्यांच्या सात पिढ्यांनी काय, सातशे पिढ्यांनी औषधाचा थेंब पाहिला नाही अशा. पहिले साहेब गमतीने त्यांना 'सोवळ्यातल्या' म्हणायचे, तेच नाव पडलं. सकाळी आधी सोवळ्या खोलीत जायचं, मग दुसरीत. उलटं कधीच नाही. चुकून गेलोच तर आंघोळ करून, कपडे बदलून यायचं.

एवढं सोवळं कशासाठी? तर ती आमची मोजपट्टी होती. एखाद्या गावातून तक्रार आली की औषधाने अळी मरत नाही, तर तिथल्या अळ्या आणायच्या आणि सोवळ्यातल्यांशी ताडून बघायच्या. सोवळी एका थेंबात मेली आणि गावाकडचीला वीस थेंब लागले, तर औषध कामातून गेलं. दोघी सारख्याच मेल्या, तर औषध ठणठणीत, फवारणाऱ्याचीच चूक. असा सरळ हिशोब. मोजपट्टीच खोटी असेल तर काय, हा प्रश्न कुणाला पडला नाही. कारण मोजपट्टी माझ्या ताब्यात होती आणि माझ्यावर सगळ्यांचा विश्वास.

बारा वर्षांपूर्वी केंद्राने माझा सत्कार केला. वीस वर्षं एकही दिवस खंड न पडता सोवळी जगवली म्हणून. मी तो आठवडाभर भाषण पाठ करत होतो. चार ओळींचं भाषण, पण माझ्यासारख्याला तेही डोंगराएवढं. त्या आठवड्यात रोपांसाठी बी भिजवायचं होतं. आमचा भांडारपाल गोदामातल्या सरसकट सगळ्या पोत्यांवर किडीची पावडर मारायचा, म्हणून बी साबणाच्या पाण्यात तीनदा धुवायचं असा नियम. नियम माझाच, मीच केलेला. त्या वेळी एकदाच धुतलं. शिवाय नवी रोपं आधी दहा अळ्यांना द्यायची, एक दिवस थांबायचं, मगच बाकीच्यांना. सत्काराच्या सकाळी थांबायला वेळ कुणाला होता? नवा शर्ट अंगात होता. दोन्ही खोल्यांत रोपं ठेवली, दारं लावली आणि सभागृहात जाऊन पुढच्या रांगेत बसलो.

भाषण बरं झालं. टाळ्याही पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोवळ्या खोलीत गेलो तर सगळीकडे शांत. अळ्या खातात तेव्हा कान दिला तर बारीक कुरकुर ऐकू येते. तीही नव्हती. सगळ्या पेट्यांत वाकड्यातिकड्या होऊन पडलेल्या. चाचणीसाठी सगळ्या अळ्या एका वयाच्या लागतात, म्हणून सगळ्या पेट्या एकाच तारखेच्या होत्या. कुठे चार कोष, दोन पतंग मागे राहिलेत म्हणावं, तर तेही नाही. चिमट्याने एकेक उलटून पाहिली. एक म्हणता एक जिवंत नव्हती.

मग शेताकडच्या खोलीत गेलो. तिथे तीच रोपं दिली होती. थोड्या अळ्या मेल्या होत्या, बाकीच्या मजेत खात होत्या. पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या.

खरं तर जे शोधायला केंद्र काढलं होतं, ते त्या सकाळी माझ्यासमोर लख्ख मांडलेलं होतं. त्या पावडरीतलं औषध आणि शेतकरी फवारायचे ते औषध एकाच जातीचं. साध्या अळ्या त्याने मेल्या, शेतातल्यांना ते पचलं. कुठल्याही हुशार माणसाने धावत जाऊन साहेबांना उठवलं असतं. मला मात्र एकच दिसत होतं: काल टाळ्या वाजवणारे लोक सोमवारी कामावर येणार. मी शेताकडच्या खोलीतून सुरवातीला दोनशे अळ्या उचलल्या, सोवळ्या पेट्यांत सोडल्या आणि दार लावून घेतलं. मनात म्हणालो, अळी ती अळी. तिच्या कपाळावर थोडंच लिहिलंय?

लिहिलेलं होतं, पण कपाळावर नव्हे. मॅडमनी पुढे मला ते समजावलं होतं. मज्जातंतूत एक दार असतं, औषध त्या दारात अडकून बसतं, दार मिटत नाही आणि अळी तडफडून मरते. हे दार कसं बांधायचं ते जनुकात अक्षरांनी लिहिलेलं असतं. हजारो अक्षरांत एखादं अक्षर चुकून बदलतं. मग दाराचा आकार किंचित बदलतो आणि औषधाला तिथे बसताच येत नाही. अशी अळी फवारणीतून वाचते, तिचीच पिलं वाढतात, बाकीच्यांचा वंश बुडतो. "एका अक्षराचा फरक, काका," मॅडम म्हणायच्या, "पण आख्खं शेत खाऊन टाकतो." मी मान डोलवायचो.

अळ्या बदलल्यानंतरच्या पहिल्या चाचणीत सोवळ्यातल्यांना औषध बरंच जास्त लागलं. तेव्हा नेमकी औषधाची नवी बाटली आली होती. सगळ्यांनी खापर बाटलीवर फोडलं. मीही "हो, नवी बाटलीच" असं म्हणालो. खोटं बोलायला मला तेवढंच वाक्य लागलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी कदाचित सुखाने निवृत्त झालो असतो. पण मध्ये दाजी आले.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. कोबी लावायचे आणि असा लावायचे की रांगेला दोरी लावून बघावं. औषध मोजायला बाळांना खोकल्याचं औषध पाजायचं माप वापरायचे, त्यावरची रेघ डोळ्यासमोर धरून. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या कोबीवर अळी मरेना. ते डब्यात अळ्या घेऊन माझ्याकडे आले. "बघ जरा, औषधच बोगस आहे की काय."

आम्ही ताडून पाहिलं. त्यांच्या अळ्या आणि सोवळ्यातल्या, जवळजवळ सारख्याच. सारख्या असणारच होत्या. अहवाल निघाला: औषध परिणामकारक, फवारणीत त्रुटी.

तो अहवाल घेऊन मी रविवारी दाजींच्या घरी गेलो. ओट्यावर गल्लीतले चौघं बसलेले. मला जरा चढलंच असेल, केंद्रातला माणूस म्हणून. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "दाजी, औषधात खोट नाही. खोट हातात आहे. अंदाजपंचे मारत असाल, दुसरं काय!"

चौघं हसले. दाजी हसले नाहीत. म्हणाले, "असेल बाबा."

तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं असं म्हणायला आज जीभ रेटत नाही. दोन्ही आकडे इतके सारखे पाहून मला संशय आला होता. मी तो गिळला.

दाजींनी त्यानंतर पंपात नुसतं पाणी भरून काळ्या कागदावर फवारून बघितलं, थेंब सारखे पडतात का. नळीचं तोंड दोनदा बदललं. पुढच्या हंगामात ताई बांधावर उभी राहून मापं मोजायची, मोठ्याने, एक, दोन, तीन. ते मी स्वतः पाहिलंय. नवऱ्यावर पहारा ठेवल्यासारखी उभी होती ती, आणि ते निमूटपणे तिला माप दाखवत होते. तीन हंगाम असे गेले. मग त्यांनी जमीन शेजाऱ्याला कसायला दिली आणि घाऊक बाजारात वजनकाट्यावर नोकरी धरली. कुणी विचारलं तर म्हणायचे, "माझा हात गेला." काही दुखणं असल्यासारखं.

मॅडम दारातून माफी मागून गेल्या, त्यानंतर तीन दिवसांनी बैठक होती. मला पैदाशीची नोंदवही घेऊन बोलावलं होतं. मॅडमनी निकाल मांडले. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, काकांच्या पेट्या बत्तीस वर्षांच्या आहेत. तुमचा अनुभव दीड वर्षाचा. अळ्यांत खोट नाही हो. खोट हातात आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय काका?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. मॅडम खाली कागदांकडे बघत होत्या आणि म्हणाल्या, "असेल सर."

दाजींचाच शब्द.

"साहेब," मी म्हणालो, "त्या अळ्या सोवळ्यातल्या नाहीत."

एकदोघं हसले. त्यांना वाटलं काका विनोद करतायत. मग मी सगळं सांगितलं. बी, पावडर, सत्कार, दोनशे अळ्या. सांगताना मी नोंदवहीच्या पुठ्ठ्याकडे बघत होतो. साहेब उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"निवृत्तीला किती राहिलेत तुमचे?"

"चार महिने."

"मग चार महिने कळ काढता आली नाही?"

मॅडमनी पेन उचललं. "तारीख आठवते?" मी सांगितली. सत्काराची तारीख कोण विसरतं? त्यांनी ती लिहून घेतली. रागावल्या नाहीत, एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून त्यांनी मला 'काका' म्हणणं सोडलं. "तुम्ही तो ट्रे आणा," "तुम्ही दार लावा," एवढंच. चारचौघांत थोबाडीत मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका केंद्रातून खऱ्या सोवळ्यातल्या अळ्या आल्या. मॅडमनी दोन बशा शेजारी ठेवल्या, एकीत आमच्या, एकीत त्या. दोन्हींवर सारखंच औषध. नव्या अळ्या पाहता पाहता वाकड्या झाल्या. आमच्या खात राहिल्या. मी बत्तीस वर्षं ज्या कामाचा पगार घेतला, त्याचा निकाल त्या दोन बशांत होता.

"आपण लोकांना हेच सांगत होतो ना," मॅडम म्हणाल्या, "औषध चालतंय, तुम्हीच चुकताय म्हणून?"

'आपण' म्हणाल्या त्या. त्यांनी कुणाला काय सांगितलं होतं? माझी मान वर होईना.

साहेबांनी बजावलं की योग्य वेळी पत्रक निघेल, तोवर बाहेर वाच्यता नको. मी बरं म्हणालो आणि पुढच्याच रविवारी ताईच्या गावची बस धरली.

दाजी ओट्यावर मोडक्या खुर्चीचा पाय बसवत होते. ताई आत होती. मी खाली पायरीवर बसलो आणि जे बैठकीत सांगितलं तेच सांगितलं. या वेळी पुठ्ठा नव्हता, त्यामुळे त्यांच्याकडेच बघावं लागलं. ते खिळा ठोकत राहिले.

"म्हणजे मी मोजून मारत होतो ते बरोबर होतं?"

"बरोबर होतं दाजी. कितीही मोजून मारलं असतं तरी त्या मरणार नव्हत्या. त्यांच्या अंगातच बदल झाला होता."

"आणि तुला ठाऊक होतं."

"संशय होता."

"संशय होता म्हणजे ठाऊक होतं." त्यांनी हातोडी खाली ठेवली. "त्या दिवशी इथे चौघं होते."

"हो."

"त्यांना सांग."

मला वाटलं होतं की ते शिव्या देतील, किंवा जाऊ दे म्हणतील. या दोन्हींची मी बसमध्ये तयारी केली होती. हे मनात आलं नव्हतं.

चौघांतला एक वारला होता. एक मुलीकडे परगावी राहायला गेला होता. तिसऱ्याचं घर बंद, कुणी म्हणालं इस्पितळात आहे. उरले गल्लीच्या टोकाचे म्हातारे मास्तर. ते खिडकीपाशी बसले होते. दाजी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, शर्टाची वरची गुंडी लावून.

"मास्तर," मी म्हणालो, "त्या वेळी दाजींच्या कोबीबद्दल मी जे बोललो..."

"आं?"

"ऐकू येत नाही त्यांना," दाजी म्हणाले. "मोठ्याने बोल."

मी मोठ्याने बोललो. मास्तरांनी कानामागे हात धरला. "काय म्हणतोस?"

मी अजून मोठ्याने सांगितलं. समोरच्या घरातली बाई गॅलरीत आली. एक सायकलवाला पाय टेकून थांबला. जनुक, मोजपट्टी, पावडर, यातलं काहीच ओरडून सांगता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. शेवटी मी सगळा श्वास गोळा केला आणि गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडलो, "दाजींची चूक नव्हती! चूक माझी होती! मी खोटं बोललो!"

मास्तरांना ऐकू गेलं. त्यांनी माझ्याकडे, मग दाजींकडे पाहिलं.

"कधी रे?" ते म्हणाले. "मला तर नाही बुवा असं काही आठवत. कोबी का? मला नाही आठवत."

लाज वाटते सांगायला, पण त्या एका क्षणी मला हलकं वाटलं. कुणाच्या लक्षातच नव्हतं! चला, म्हणजे एवढं काही झालं नव्हतं. ते माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण दाजी माझ्याकडेच बघत होते.

"माझ्या लक्षात आहे," ते म्हणाले.

आम्ही परत निघालो. घराच्या अलीकडे, वळणावर ते थांबले. आतून ताईचा भांड्यांचा आवाज येत होता. ती माझ्यासाठी स्वयंपाक करत होती.

"आज जेवायला थांबू नकोस," दाजी म्हणाले. "खरं काय ते मी तिला माझ्या सवडीने सांगेन. आत्ता सांगतो, बसची वेळ झाली म्हणून गेला. तिला भाऊ एकच आहे."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, पण तोवर ते वळून चालू लागले होते. परतीची बस तीनला होती. मी साडेबारापासून स्टँडवर बसून राहिलो.